चौथ्या सिलिंडरचा पाचवा नट

ताईचं घर वडोदऱ्याच्या समा भागात आहे, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. मगरी वस्त्यांमध्ये आल्या, आणि ताईच्या सोसायटीच्या अंगणात उभी असलेली गाडी दोन दिवस बंपरच्या वरपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर भाऊजींनी करायचं ते सगळं केलं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर बदलले, सीटा काढून उन्हात वाळवल्या, ब्रेक उघडून साफ करून घेतले. गाडी सुरू झाली, घरात आनंद झाला आणि विषय मागे पडला. एक जागा मात्र कोणीच उघडून पाहिली नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, आच अडवणारी पत्र्याची हीट शील्ड असते, तिच्या मागे बोटभर गाळ तसाच अडकून राहिला होता.

हे प्रकरण त्या गाळात अडकलेल्या एका नटाचं आहे. मॅनिफोल्ड इंजिनला धरून ठेवणाऱ्या ८ मिलिमीटरच्या स्टडवरचा (स्टड म्हणजे एका टोकानं इंजिनात बसवलेला, बिनडोक्याचा बोल्ट), १२ नंबरचा पाना लागतो असा साधा नट. तो काढायला मला आणि भाच्याला दोन दिवस लागले. तेवढे दिवस दिले म्हणूनच इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा भाग ज्यात हे स्टड बसतात, वाचलं असं माझं मत आहे. मी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं. शिकलो कलाभवनात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही संस्था आज विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, पण वडोदऱ्यातली जुनी मंडळी अजून कलाभवनच म्हणतात. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या हाताला जोर आहे आणि मनात घाई, त्या वयात असते तशी. त्याच्यासाठीच मी दोन्ही दिवसांची टिपणं ठेवली होती, त्यांवरून हे लिहितो आहे.

तक्रार

पुराला दीड वर्ष होत आलं तेव्हा गाडी सकाळी सुरू केल्यावर टक-टक-टक असा आवाज करू लागली. पाच मिनिटांत आवाज आपोआप थांबायचा. कोणी टॅपेट सांगितलं, कोणी इंजेक्टर. गाडी गरम झाल्यावर आवाज बंद होतो, या एका गोष्टीवरून माझा संशय मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, म्हणजे मॅनिफोल्ड आणि हेडमधला सांधा बंद करणाऱ्या पट्टीवर, गेला. थंड असताना फट उघडी असते. धातू तापून फुगला की ती मिटते.

खात्री करायची रीत सोपी आहे. इंजिन बंद आणि थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडात चिंध्या गुंडाळून बसवली आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या अंगाला बुडबुडे आले. शील्डच्या कडेतून बॅटरी मारून पाहिलं तर तिथेच काजळीचा काळा फराटा होता.

भाऊजी म्हणाले, "आवाज थांबतोय ना, मग राहू दे की." तसं करणं बरोबर नव्हतं. या फटीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि केबिनमध्ये हवा ओढणारी जाळी तिथून हातभर अंतरावर असते. शिवाय फटीतून बाहेरची हवाही आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल पीत राहतं. भाऊजींना मी एवढंच सांगितलं की तुम्ही ताईला रोज याच गाडीतून शाळेत सोडता. ते लगेच तयार झाले.

शनिवार सकाळ

मी पोचलो तोवर भाच्यानं सुरुवात करून ठेवली होती. शील्डचे चार बोल्ट ६ मिलिमीटरचे, १० नंबरच्या डोक्याचे. तीन निघाले, चौथ्याचं डोकं तुटून रॅचेटबरोबर हातात आलं. त्याखालच्या पाच नटांपैकी जो पाचवा, चौथ्या सिलिंडरच्या खालचा, त्याला त्यानं बाराकोनी रिंग पाना लावून झटका दिला होता. पाना सटकला. नटाचे कोपरे गोल झाले आणि त्याच्या बोटांची सालटं रेडिएटरच्या पात्यांवर निघाली. आता तो लोखंडी पाइप शोधत होता, पान्याला लावायला.

"मामा, थोडा लांब दांडा मिळाला की येईल तो."

मी पाइप बाजूला ठेवायला सांगितला, आधी डेटॉल लावून घेतलं आणि मग कागद-पेन घेऊन त्याच्याजवळ बसलो. हे गणित कोणत्याही पान्याच्या आधी करायला हवं, म्हणून इथे पूर्ण देतो.

८ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा नवाकोरा बोल्ट पिळून तोडायला साधारण ३३ न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) लागतात. ६ मिलिमीटरचा १३ मध्येच तुटतो. सकाळी शील्डचा बोल्ट तुटला तो याचमुळे. साध्या रॅचेटला मनगटाचा झटका दिला तरी १३ सहज होतात. आता हा स्टड नवा नाही. आट्यांच्या आतला त्याचा गाभा साधारण साडेसहा मिलिमीटरचा. गंजानं दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटर खाल्लं असेल तर तो ५.९ उरतो. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनावर जाते, त्यामुळे व्यास नऊ टक्के घटला तर ताकद पाव हिश्शानं घटते. ३३ चे उरले २५. आणि भाच्याचा पाइप? ४५ सेंटिमीटर लांब दांडा आणि १५ किलोचा जोर धरला तरी ६६ न्यूटन-मीटर. स्टड तुटेल त्याच्या अडीचपट.

तो गप्प झाला. मग त्यानं स्वतःहून विचारलं, "म्हणजे जाम नट सोडवायला जो जोर लागेल तो आपल्याला लावताच येणार नाही?"

हाच प्रश्न त्यानं विचारावा असं मला वाटत होतं. लावता येत नाहीच. जोर आहे तेवढाच ठेवायचा आणि पकड कमी करत जायची. आम्ही कागदावर एक आकडा लिहून वर गोल केला: २०. उलट्या दिशेला २० न्यूटन-मीटरच्या वर या नटावर काही लावायचं नाही, मग दिवस कितीही जावोत. माझ्याकडे काट्याचा जुना टॉर्क पाना आहे, पट्टीवर काटा सरकतो तो. तो दोन्ही दिशांना आकडा दाखवतो. क्लिक होणारे पाने यासाठी वापरू नयेत. बरेचसे फक्त कसायच्या बाजूलाच काम करतात आणि सोडवायला वापरले तर त्यांचं माप बिघडतं.

हा नट इतका धरून का बसला होता, हेही मी त्याला त्या गाळाकडे बोट दाखवून सांगितलं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नटाच्या आणि स्टडच्या आट्यांमधली केसाएवढी फट तो भरतो आणि वर दाबत राहतो. त्यात एक्झॉस्ट म्हणजे रोज तापणं, रोज निवणं. दुसरा सांधा आणखी वाईट. स्टड पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं, आणि मध्ये पुराचं मळकं, क्षारांचं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा असला की बॅटरीसारखा व्यवहार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. तिथे लाल गंज दिसत नाही, पांढरी भुकटी दिसते. म्हणजे आमच्यासमोर एक नट आणि दोन सांधे होते, आणि आतला सांधा आधी सुटला तर ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन येण्याची भीती होती.

पाना लावण्याआधीची कामं पटापट उरकली. हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून विटा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला. या गाडीत मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला आहे. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही गरम इंजिनात अचानक फिरतो, त्यामुळे बॅटरीवर न थांबता आम्ही पंखाच सोडवून वर काढला. जागाही मिळाली. रेडिएटरच्या पात्यांसमोर जाड पुठ्ठा लावला. दोघांनाही चष्मे. भाच्याला चष्म्याचा कंटाळा होता, पण गंजाची खपली डोळ्यात गेली की काय होतं ते मी कारखान्यात पाहिलं आहे आणि या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

रेघ

तारेच्या ब्रशनं नट उघडा होईपर्यंत घासला. मग व्हाइटनरची बारीक रेघ ओढली: मॅनिफोल्डच्या फ्लँजवरून (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवरून) सुरू, नटाच्या बाजूवरून वर, आणि स्टडच्या टोकावरून पार. एकच सरळ रेघ, तीन तुकड्यांवर.

या सगळ्या प्रकरणात कोणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही रेघ उचलावी. पान्याला नेट लावला की हाताला काहीतरी हललेलं जाणवतं, पण काय हललं ते हात सांगू शकत नाही. रेघ सांगते. नटावरची रेघ सरकली आणि स्टडवरची फ्लँजशी जुळलेलीच राहिली, तर नट सुटतो आहे. नट आणि स्टड दोघांची रेघ एकत्र सरकली आणि पाना सोडल्यावरही सरकलेली राहिली, तर स्टड हेडमधून बाहेर येतो आहे. दोघांची एकत्र सरकली आणि पाना सोडताच जागेवर परत आली, तर काहीच सुटत नाही, स्टड पिळला जातो आहे. पुढचा थोडा जोर त्याचा शेवटचा ठरेल.

हाताची जाणीवही असते आणि ती शिकता येते. सुटणारा गंज "कर्र" करतो, झटक्यात थोडा देतो आणि दिलेलं परत घेत नाही. पिळला जाणारा बोल्ट मऊ लागतो, ओल्या दोरखंडासारखा. "आला, आला" असं वाटतं तेव्हाच तो तुटत असतो. कारखान्यात नवा होतो तेव्हा पंपाचा एक १० मिलिमीटरचा स्टड मी याच "आला, आला" मध्ये तोडला आहे. तो बाहेर काढायला तीन माणसांची अख्खी रात्र गेली आणि पंप सकाळपर्यंत बंद राहिला. त्या मऊपणाची ओळख मला तेव्हा झाली.

कोपरे गोल झालेल्या नटावर १२ चा सॉकेट, सहाकोनी असूनही, फिरत होता. व्हर्नियरनं मोजलं तर गंज निघाल्यावर नट ११.२ मिलिमीटरचाच उरला होता. माझ्या इंचांच्या जुन्या सेटमध्ये ७/१६ चा सहाकोनी सॉकेट आहे, म्हणजे ११.११ मिलिमीटर. तो हलक्या हातानं ठोकून बसवला आणि घट्ट बसला. अशा कामाला बाराकोनी सॉकेट घेऊच नये, तो कोपऱ्यांच्या टोकांवर पकडतो. सहाकोनी सपाट बाजूंवर पकडतो.

बाकीचे चार नट फवाऱ्याचं तेल मारून अर्ध्या तासात निघाले, दोन तर स्टडसकट. पाचव्यावर पहिला प्रयत्न, भाचा पान्यावर आणि माझी नजर रेघेवर. पाना स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, आणि ओढण्याआधी बघून घ्यायचं की सटकला तर हात कुठे जाईल. १०, १२, १५. काटा १८ वर आला आणि नट-स्टडची रेघ एकत्र केसभर सरकली. "सोड." पाना सोडला, रेघ परत जागेवर. भाच्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यानंतर पाइपचं नाव काढलं नाही.

मग उरलेला शनिवार तेलात गेला. गंज सोडवायचा फवारा सगळ्यांच्या घरी असतो. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० १९५३ मध्ये अमेरिकेत बनला तो मुळात धातूवरचं पाणी हटवायला. तो गंजात शिरतो, पण त्याला वेळ लागतो आणि तो पटकन उडूनही जातो. आमच्या इकडचे जुने मेस्त्री घासलेटमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून वापरतात आणि संथ कामाला ते मिश्रण मला आवडतं. नट आडवा होता, तेल टिकत नव्हतं, म्हणून कापसाचा बोळा भिजवून स्टडच्या टोकाभोवती तारेनं बांधला. दर दोन तासांनी तो पुन्हा भिजवायचा आणि पितळी सळई स्टडच्या टोकाला टेकवून दोनशे ग्रॅमच्या हातोडीनं दहा-बारा हलके ठोके द्यायचे. पोलादी हातोडी थेट टोकावर मारली तर टोक फुलतं आणि नट कधीच बाहेर येत नाही. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. तेल मारताना इंजिन थंडच हवं. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेलाचा फवारा मारणं म्हणजे आग लावणं.

संध्याकाळी नट आधी कसायच्या दिशेनं थोडा ओढला, मग उलटा. कधीकधी गंजाची पकड कसताना सुटते. इथे सुटली नाही. सोसायटीत एक मेस्त्रीकाका राहतात, ते फिरायला निघाले होते, वाकून बघून म्हणाले, "बहु जोर ना करशो, तूटी जशे." म्हणजे फार जोर करू नका, तुटेल. आम्ही रेघ दाखवली तेव्हा ते खाली बसले आणि अर्धा तास थांबले. जाताना सांगून गेले की उद्या आच द्या आणि मेणबत्ती ठेवा.

आच

रविवारी सेव-उसळ खाऊन दहाला सुरुवात. आगीचं काम असल्यामुळे आधी कापसाचा बोळा काढला, तेल पुसून सुकं केलं, तेलाच्या चिंध्या बाहेर नेऊन टाकल्या. पेट्रोलची नळी इंजिनच्या दुसऱ्या अंगाला होती तरी तिच्यावर ओलं फडकं आणि मध्ये पत्रा लावला. दोन किलोचा पावडरचा अग्निशामक हाताशी, शटर पूर्ण उघडं. सांधा धुवायला भाच्यानं ब्रेक क्लीनरचा डबा काढला होता, तो मी परत ठेवायला लावला. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रावणं असतात आणि ती ज्वाळेत आली की फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होतो. गरम कामाच्या दिवशी तो डबा गॅरेजमध्येच नको.

आच नटाला द्यायची, स्टडला नाही आणि हेडला तर नाहीच. ॲल्युमिनियम वितळायच्या आधी लाल होत नाही, त्यामुळे तोल सुटतोय हे डोळ्यांना कळत नाही. सोनार वापरतात तसा छोटा ब्यूटेनचा बर्नर घेतला, बारीक निळी ज्वाळा. नट स्टडपेक्षा २०० अंश जास्त तापला तर त्याचं ८ मिलिमीटरचं भोक जेमतेम दोन शतांश मिलिमीटर मोठं होतं. एवढंच. पण गंज ज्या फटीत बसला आहे तीही तेवढ्याच मापाची असते. स्टड तापायच्या आत नट तापायला हवा, म्हणून तीस-चाळीस सेकंदच, नटाच्या सहाही बाजू फिरून. लाल करायचा नाही. जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा धूर बाधतो.

मग मेस्त्रीकाकांची मेणबत्ती. ज्वाळा बंद करून गरम नटाच्या आणि स्टडच्या सांध्यावर साधी पांढरी मेणबत्ती टेकवली. मेण पातळ होऊन आत ओढलं गेलं. आम्हा दोघांना ते दिसलं, सांध्यावरचा थेंब बघता बघता नाहीसा झाला. नट निवताना आकसतो आणि आतल्या फटी मेण खेचून घेतात. मेणात तेलासारखा भडका उडण्याचा धोका कमी, पण ज्वाळा चालू असताना तेही लावायचं नाही.

पहिल्या फेरीनंतर, नट हात लावण्याइतका निवल्यावर, पाना १८ वर. रेघ परत आली. दुसरी फेरी, तेच. भाच्याचा चेहरा पडला. तिसऱ्या फेरीला मी त्याला पाना दिला आणि मीच रेघ बघितली. १६ वर "कर्र" आवाज आला, छोटासा, वाळल्या फांदीसारखा. नटाची रेघ पुढे गेली आणि स्टडची फ्लँजशी जुळलेलीच राहिली. पाना सोडला. रेघ परत आली नाही.

भाच्यानं आनंदानं लगेच पुन्हा ओढायला घेतलं, आणि मी त्याचा हात धरला. सुटलेला नट भरभर काढायला गेलं की आट्यांतला चुरा पुढे गोळा होतो, पाचरीसारखा अडकतो, आणि तिथे स्टड तुटतो. पाव फेरा मागे, तेल, थोडा पुढे, पुन्हा मागे. चाळीस मिनिटांत आम्ही सव्वा फेरा मिळवला. मग नट पुन्हा अडला. १८ वर रेघ परत येऊ लागली. आणखी दोन वेळा आच आणि मेण, तरीही तेच. मागेही जाईना, पुढेही येईना.

दुपारचे तीन वाजले होते. ताई जेवायला बोलावून गेली होती दोनदा. भाचा म्हणाला, "मामा, २२ करून बघू या का? फक्त दोनच जास्त." कागदावरचा गोल केलेला २० समोर होता. असा आकडा आधी लिहून ठेवण्याचं कारण हेच की दुपारी तीनला, पोटात भूक आणि काम हातातोंडाशी आलेलं असताना, माणूस तो नव्यानं ठरवू शकत नाही.

आम्ही २२ केलं नाही. जेवलो, आणि जेवताना ठरवलं की नट कापायचा.

नट कापला

नट दोन-चार रुपयांचा. स्टड तुटून हेडमध्ये राहिला असता तर ड्रिल, तेही वाकड्या जागेत, ॲल्युमिनियमच्या कुशीत. उलट्या दातांचं डावं ड्रिल कधीकधी तुकडा बाहेर आणतं. तुकड्यावर नट वेल्ड करून काढायची रीतही चांगली आहे, वेल्डिंगची आचच त्याला सोडवते. पण ईझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टला भोक पाडून त्यात उलटा रुतवून तो काढायचं हत्यार, या ठिकाणी मी घातला नसता. तो अतिशय कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला की साध्या ड्रिलला बधत नाही, आणि मग हेड उतरवून मशीन शॉपला न्यावं लागतं. या सगळ्याच्या तुलनेत नटाचा बळी देणं काहीच नाही, आणि हा निर्णय आम्ही सकाळीच घ्यायला हवा होता का, यावर मी अजून विचार करतो. मला वाटतं सव्वा फेरा मिळवणं फुकट गेलं नाही. नट फ्लँजपासून वर आला होता, गॅस्केटचा दाब उतरला होता, आणि चकती लावायला जागा झाली होती.

छोट्या रोटरी यंत्राला पातळ कापायची चकती लावली. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंवर, स्टडला समांतर, दोन काप. ते आट्यांपर्यंत न्यायचे नाहीत, नखाएवढी साल शिल्लक ठेवायची. ठिणग्यांसाठी चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, खाली ओलं पोतं. मग एका कापात बोथट छिन्नी ठेवून आडवी पिळली. नट "टक" करून फाटला, दुसऱ्या कापातही तडा गेला आणि दोन अर्ध्या भाकऱ्या वेगळ्या व्हाव्यात तसे दोन तुकडे हातात आले. स्टडच्या आट्यांना चकतीचा एक ओरखडा सोडला तर काही झालं नव्हतं.

ते तुकडे मी भिंगाखाली पाहिले. नटात आटे पाचच. टोकाकडून पहिल्या दोन आट्यांपर्यंत तेलाची ओल होती. तिसऱ्या-चौथ्यात मेणाचा पांढुरका थर. पाचवा, फ्लँजच्या बाजूचा, पूर्ण कोरडा, विटेच्या भुकटीसारखा लाल. शनिवारभर ज्या बाजूनं तेल घातलं त्याच्या विरुद्ध टोकाला खरी पकड होती, आणि तिथे फ्लँज आड आल्यामुळे तेल पोचायला वाटच नव्हती.

मॅनिफोल्ड उतरल्यावर स्टड पूर्ण दिसला. मधोमध कंबर झाली होती, व्हर्नियरनं ६.१ मिलिमीटर. माझा अंदाज ५.९ चा होता, फार चुकला नाही. असा स्टड परत वापरायचा नाही, म्हणून आता दुसरा सांधा. त्याच्या मुळाशी पांढरी भुकटी होती. इथे मात्र आच ॲल्युमिनियमला द्यायची, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि ज्वाळा न वापरता गरम हवेच्या गननं. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन लगेच उडेल इतकंच. स्टडवर दोन नट एकमेकांविरुद्ध कसून बसवले, मग आतल्या नटाला पाना लावला की स्टड फिरतो. नवी रेघ ओढली. १४ वर कर्र झालं आणि रेघ जिथे गेली तिथे राहिली. पुढे-मागे करत वीस मिनिटांत तो बाहेर आला.

हेडमधलं भोक हवेनं साफ केलं. बंद तळाचं होतं हे आधी मॅन्युअलात पाहून घेतलं होतं, कारण काही इंजिनांत अशी भोकं कूलंटपर्यंत जातात. ८ गुणिले १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून, दोन बोटांनी, आट्यांना फक्त साफ करण्यापुरता फिरवला. तोंडाचे दोन आटे झडले होते. आत चांगले १४ मिलिमीटर होते, व्यासाच्या पावणेदोनपट. ॲल्युमिनियममध्ये तेवढं पुरतं. शील्डचा तुटलेला ६ मिलिमीटरचा बोल्ट टेबलावर मॅनिफोल्ड शिकंजात धरून सहज निघाला: मध्यावर पंच, ५ चं ड्रिल, ६ चा टॅप.

परत बसवताना

पाचही स्टड आणि नट नवे, गॅस्केट नवं. आट्यांवर तांब्याच्या अँटी-सीझचा, म्हणजे आटे पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या लेपाचा, पातळ हात दिला, बसण्याच्या पृष्ठभागावर नाही. मॅन्युअलातला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो आणि निसरड्या आट्यांवर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून पाचवा हिस्सा कमी ठेवला. मधल्या नटापासून बाहेर, तीन फेऱ्यांत. शील्डच्या मागचा गाळ भाच्यानं खरवडून, धुऊन काढला. जवळजवळ वाटीभर निघाला.

सोमवारी सकाळी गाडी सुरू केली तेव्हा भाऊजी बॉनेटवर वाकून पाच मिनिटं कान देऊन उभे होते. आवाज नव्हता. गाडी तापू दिली, पूर्ण निवू दिली, आणि संध्याकाळी पाचही नट पुन्हा तपासले. बाहेरचे दोन किंचित बसले होते, ते कसले. मग भाच्यानं स्वतःच व्हाइटनर घेतला आणि पाचही नटांवर फ्लँजपर्यंत रेघा ओढल्या.

पाचशे किलोमीटरनंतर त्यानं फोटो पाठवला. पाचही रेघा सरळ होत्या.